पदवीनंतर इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी जायचे आहे : तयारी कोठून सुरू करावी?

नमस्कार. यंदा माझे पदवीचे शेवटचे वर्ष आहे. माझा विषय वाणिज्य असल्यामुळे इंग्रजी साहित्याचे किंवा शिक्षणशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. मात्र महाविद्यालयात असताना मी शालेय मुलांना सायंकाळी इंग्रजी शिकवत आले आहे आणि वर्गापुढे उभे राहण्याचे काम मला मनापासून आवडते. निकाल लागल्यावर निदान दोन वर्षे परदेशातील एखाद्या शाळेत किंवा भाषासंस्थेत इंग्रजी शिकवावे, असे मी ठरवले आहे. प्रवासाची हौस हेही त्यामागचे एक कारण आहेच, पण तेवढेच असते तर पर्यटक म्हणून जाणे कितीतरी सोपे झाले असते.

या विषयावर जे काही वाचायला मिळते, ते बहुतांशी अमेरिकन किंवा ब्रिटिश पदवीधर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. कोणत्याही शाखेची पदवी आणि १२० तासांचे टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे) प्रमाणपत्र मिळवा, अर्ज करा आणि विमानात बसा, असा त्याचा एकूण सूर असतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी मानली जाते अशा देशांपैकी एकाचाही पासपोर्ट माझ्याकडे नाही, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजी शिक्षकांना मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकत्वावर मिळतो. चीनमध्येही सर्वसाधारण नियम तसाच आहे. जपानमध्ये नागरिकत्वाची अट तितकी कडक नाही, परंतु शाळांत भाषा शिकवण्यासाठी जो ‘प्रशिक्षक’ वर्गाचा व्हिसा लागतो, त्यासाठी उमेदवाराचे किमान १२ वर्षांचे शिक्षण त्या भाषेच्या माध्यमातून झालेले असावे लागते. माझे शालेय शिक्षण मातृभाषेतून झाले असून इंग्रजी माध्यम मला महाविद्यालयातच मिळाले. त्यामुळे माझे इंग्रजी कितीही चांगले असले, तरी या अटीचा हिशोब माझ्या बाजूने लागत नाही.

उरलेल्या देशांपैकी थायलंड आणि व्हिएतनाम यांचा विचार मी करते आहे. आखाती देशांतील शाळांच्या जाहिराती पाहिल्या, परंतु त्यांत बहुधा शिक्षणशास्त्राची पदवी आणि काही वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. त्यामुळे तो मार्ग सध्या तरी मी बाजूला ठेवला आहे.

माझा पहिला प्रश्न प्रमाणपत्राबद्दल आहे. घरबसल्या काही आठवड्यांत पूर्ण होणाऱ्या १२० तासांच्या अभ्यासक्रमापासून केंब्रिजच्या सेल्टा या अध्यापन प्रमाणपत्रापर्यंत अनेक पर्याय दिसतात आणि त्यांच्या शुल्कात फार मोठे अंतर आहे. आत्ता हाती असलेले पैसे मी प्रमाणपत्रावर खर्च करावेत, की परदेशातील पहिल्या काही महिन्यांसाठी राखून ठेवावेत? दुसरा प्रश्न क्रमाचा आहे. आधी प्रमाणपत्र, मग देश, मग नोकरी आणि शेवटी कागदपत्रे, असा क्रम मी मनाशी धरला होता. तो योग्य आहे का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, विशेषतः माझ्यासारख्या पासपोर्टवर केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर

मी थायलंडमध्ये आणि त्यानंतर व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवले आहे, आणि माझाही पासपोर्ट त्या सात देशांपैकी नव्हता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. तुम्ही धरलेला क्रम बदला. देश आधी ठरवा, तेथे तुमच्या पासपोर्टवर कामाचा परवाना कोणत्या अटींवर मिळतो हे त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी माहितीच्या आधारे तपासा आणि त्यानंतरच प्रमाणपत्राकडे वळा. प्रमाणपत्र विकणारा माणूस तुम्हाला व्हिसाचे नियम सांगणार नाही. त्याचे काम तुम्ही शुल्क भरले की संपते.

थायलंडची पद्धत अशी आहे की शिक्षकाला नॉन-इमिग्रंट बी (नोकरीसाठीचा) व्हिसा, कामाचा परवाना आणि शाळेत शिकवायचे असल्यास तेथील शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्या परवान्यातून तात्पुरती सूट, अशा तिन्ही गोष्टी लागतात. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांना ही सूट शाळेमार्फत मागता येते, मात्र ती मर्यादित काळाची असते. तिच्या भरवशावर तेथे कायमचे राहण्याचे बेत आखू नयेत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या नागरिकांकडून शाळा भाषेच्या परीक्षेचे गुण मागतात आणि टोइक या इंग्रजीच्या परीक्षेतील ६०० गुण हा त्यासाठी रूढ झालेला मापदंड आहे. त्या परीक्षेत एकूण ९९० गुण असतात आणि तुमच्यासारख्या उमेदवाराला ६०० मिळवणे अवघड नाही. तरीही काठावर थांबू नका, कारण अर्जांच्या गठ्ठ्यात शाळा तुमच्या नावाशेजारी प्रथम हाच आकडा पाहते. टोइकचे गुण काय किंवा आयईएलटीएसचे काय, दोन वर्षांपर्यंतच ग्राह्य धरले जातात, म्हणून परीक्षा फार लवकर देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

व्हिएतनाममध्ये कोणत्याही शाखेची पदवी, इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र, पोलिस चारित्र्य प्रमाणपत्र आणि वैद्यकीय तपासणी यांच्या आधारे संस्था तुमच्यासाठी कामाचा परवाना मागते. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. तेथे मोठ्या शहरांतील भाषाकेंद्रांचे वर्ग मुख्यतः सायंकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात, कारण मुले दिवसा शाळेत असतात. शाळेची नोकरी आणि केंद्राची नोकरी यांत पगाराइतकाच हाही फरक विचारात घ्यावा. आठवड्याची सुट्टी सोमवारी मिळणे ऐकताना क्षुल्लक वाटते, पण इतर सगळे मोकळे असताना आपण कामावर, हे वर्षभर चालले की जाणवू लागते.

आता प्रमाणपत्र. टेफलच्या अभ्यासक्रमांवर देखरेख ठेवणारी एकच जागतिक संस्था अस्तित्वात नाही, त्यामुळे जाहिरातीतील ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ या शब्दांना स्वतःचे असे वजन नाही. सेल्टाचे वेगळेपण असे की तेथे खऱ्या विद्यार्थ्यांपुढे किमान सहा तास शिकवावे लागते, प्रशिक्षक मागे बसून प्रत्येक पाठ पाहतो आणि नंतर सहकाऱ्यांसमोर त्याची चिरफाड करतो. पूर्णवेळ केल्यास हा अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांत पूर्ण होतो आणि त्या काळात दुसरे काहीही करता येत नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट-टेसॉल हा अभ्यासक्रम त्याच तोडीचा आहे. प्रौढांना शिकवायचे असेल किंवा या व्यवसायात दोन वर्षांपेक्षा अधिक काळ राहायचे असेल, तर सेल्टावरील खर्च नक्की करावा. थायलंडमधील प्राथमिक शाळेत एक-दोन वर्षे शिकवून परतायचे असेल, तर स्वस्त अभ्यासक्रम पुरतो, मात्र त्याच्या जोडीला प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव तुम्हाला स्वतः मिळवावा लागेल. सायंकाळचे जे वर्ग तुम्ही घेता, त्यांची नोंद आजपासून ठेवा : वयोगट, मुलांची संख्या, पाठाचा विषय, टाचण आणि शेवटी काय जमले, काय फसले. मुलाखतीत या वहीचा उपयोग प्रमाणपत्रापेक्षा जास्त होतो.

कागदपत्रांना मात्र तुम्ही शेवटचे स्थान देऊ नका. निकाल लागल्यापासून मूळ पदवी प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत बराच काळ जाऊ शकतो आणि तात्पुरते प्रमाणपत्र अनेक ठिकाणी चालत नाही. पदवीच्या साक्षांकनाचे दोन मार्ग आहेत. ज्या देशांनी १९६१ चा हेग करार स्वीकारला आहे, तेथे अपॉस्टिलचा, म्हणजे कागदपत्र खरे असल्याचे प्रमाणित करणारा, एक शिक्का पुरतो. चीनमध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून चालू लागला. जे देश त्या करारात नाहीत, त्यांच्यासाठी आधी आपल्या परराष्ट्र खात्याचे आणि मग त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन लागते. चारित्र्य प्रमाणपत्र फार आधी काढू नये, कारण बहुतेक ठिकाणी ते अलीकडच्या काही महिन्यांतलेच मागतात. पासपोर्ट, पदवी आणि गुणपत्रिका यांवरील नावाचे स्पेलिंग अक्षरशः एक असले पाहिजे. वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत, आणि दुरुस्तीचे काम परदेशात बसून करणे फार जिकिरीचे असते.

पैशांबाबत एवढेच सांगतो की पहिला पगार महिना भरल्यावर मिळतो, घराची अनामत त्याआधी द्यावी लागते आणि परवान्याच्या कामात एखादा आठवडा इकडचा तिकडे होतोच. तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर जाणे पुढे ढकलावे.

आणखी एक उत्तर

मी एका भाषासंस्थेत शिक्षकांच्या निवडीचे काम पाहते, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते. वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र उच्चाराबद्दल त्यात काहीच आलेले नाही. अमेरिकन बोलण्याची नक्कल करणारे उमेदवार आमच्याकडे बरेच येतात आणि नमुना पाठाच्या दहाव्या मिनिटाला ती नक्कल गळून पडते. आम्हाला स्वच्छ, संथ आणि एकसारखे बोलणे हवे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूचना थोडक्यात देता आल्या पाहिजेत. आठ वर्षांच्या मुलाला जोडीचे काम समजावून सांगताना जो शिक्षक पाच वाक्ये बोलतो, त्याचा वर्ग तिसऱ्या वाक्यालाच हातातून सुटलेला असतो.

नमुना पाठात नवशिक्या उमेदवाराचे सर्वाधिक गुण जातात ते स्वतःच बोलत राहण्यामुळे. व्याकरणाचा नियम फळ्यावर लिहून समजावणे हे आपल्यापैकी अनेकांना शिकवणे वाटते, कारण आपण तसेच शिकलो. आम्ही मात्र घड्याळ लावून पाहतो की विद्यार्थी किती वेळ बोलले. ‘समजले का?’ असा प्रश्न विचारू नये, त्याला सगळे होच म्हणतात. भूतकाळ शिकवला असेल तर ‘हे काम संपले आहे की अजून चालू आहे?’ असे विचारावे, म्हणजे अर्थ पोहोचला की नाही ते लगेच कळते. तुम्ही मातृभाषेच्या माध्यमातून शिकून इंग्रजी कमावले आहे, हे मुलाखतीत लपवू नका. परकी भाषा शिकताना कोठे अडखळायला होते, हे जन्मापासून ती बोलणाऱ्याला अनेकदा सांगता येत नाही आणि तुम्हाला ते सांगता येईल.

मूळ प्रश्नकर्ती

आपण दोघांनीही इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. देश आधी आणि प्रमाणपत्र नंतर, हा क्रम मी स्वीकारते आहे आणि तूर्त थायलंडचा विचार पक्का करते आहे. एक शंका मात्र तातडीची आहे. एका मध्यस्थाने मला शाळेच्या नावाने करारपत्र पाठवले असून, आधी पर्यटक म्हणून यावे, शिकवायला सुरुवात करावी आणि कागदपत्रांचे काम शाळा मागाहून करेल, असे कळवले आहे. नोंदणी शुल्कही मागितले आहे. करारात आठवड्याला २२ तास लिहिले आहेत, पण पाठाच्या तयारीचा आणि शाळेत थांबण्याचा वेळ त्यात धरला आहे की नाही, याचा उल्लेख नाही. हे सर्रास चालते, असे त्यांचे म्हणणे आहे.

पहिले उत्तर देणारे

चालते हे खरे आहे, पण ते बेकायदा आहे आणि त्याचा भुर्दंड मध्यस्थाला पडत नाही, शिक्षकाला पडतो. थायलंडमध्ये परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते ५०,००० बाट दंड होऊ शकतो, तिला देशाबाहेर काढले जाते आणि नंतर पुन्हा परवाना मिळणेही अवघड होऊन बसते. नोंदणी शुल्क अजिबात देऊ नका. शिक्षक पुरवण्याचा मोबदला शाळा देत असते, उमेदवाराने तो देण्याचे कारण नाही.

त्यांना एकच पत्र लिहा आणि त्यात तीन गोष्टी मागा : नॉन-इमिग्रंट बी व्हिसाच्या अर्जासाठी शाळेने दिलेली कागदपत्रे, त्या शाळेत सध्या शिकवत असलेल्या एका परदेशी शिक्षकाशी बोलण्याची सोय आणि दुरुस्त केलेला करार. त्या करारात २२ तास म्हणजे प्रत्यक्ष तासिका की शाळेतील एकूण उपस्थिती, जादा तासिकांचा दर किती, सुट्ट्यांच्या महिन्यात पगार मिळतो की नाही, आणि नोकरी मध्येच सोडल्यास किंवा शाळेने काढल्यास पूर्वसूचना किती दिवसांची, हे स्पष्ट लिहिलेले असावे. पासपोर्ट शाळेकडे जमा करण्याचे कलम आढळले, तर पुढची बोलणी करू नका. खरी शाळा असेल तर या मागण्यांना आठवडाभरात उत्तर येते. न आल्यास तुमचे काही बिघडत नाही, कारण तेथील शैक्षणिक वर्षाचे पहिले सत्र मे महिन्यात आणि दुसरे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. तुमची मूळ पदवी मेपर्यंत हाती येण्याची शक्यता कमी आहे, तेव्हा नोव्हेंबरचे सत्र धरून टोइकची तारीख आताच ठरवा आणि सप्टेंबरपासून शाळांना थेट अर्ज पाठवायला सुरुवात करा.