‘दहा ओळींची क्वेरी’ म्हणणाऱ्यांसाठी

पानगळ: काल इथे लिहिलं गेलं, ‘झाडासारख्या डेटावर क्वेरी लिहिणं सोपं आहे. विथ रिकर्सिव्ह, दहा ओळी. जमत नसेल तर आधी एसक्यूएल शिका.’ झाडासारखा डेटा म्हणजे विभाग-पोटविभागांसारखा, जिथे प्रत्येक ओळ आपला पालक सांगते; विथ रिकर्सिव्ह म्हणजे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली, आधीच्या फेरीच्या निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी. राहवलं नाही म्हणून उत्तर देतोय. त्या दहा ओळी ‘या नोडखालचं (झाडातल्या एका घटकाखालचं) सगळं दे’ एवढ्यालाच पुरतात. प्रत्येक विभागाची माणसं पोटविभागांसकट मोजायची असली, की नवखा माणूस रिकर्सिव्ह भागातच सम (बेरीज) किंवा काउंट (मोजणी) टाकतो आणि एरर खातो. भावंडं नावाच्या क्रमाने, पण आपापल्या पालकाखालीच हवी असतील तर मुळापासूनचा पूर्ण पाथ सोबत न्यावा लागतो. हे कुणाला आपोआप सुचत नाही.

खोड_फांदी: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. हे एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात आहे, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २००९ पासून. ऑरॅकल डेटाबेसवाले याच कामाचं त्यांचं कनेक्ट बाय त्याच्याही कितीतरी आधीपासून वापरतात. अजून किती वेळ हवाय?

जुनाजाणता: मायएसक्यूएलमध्ये हे ८.० या आवृत्तीला आलं, २०१८ साली. तोवर आम्ही टेबल स्वतःलाच जोडत, सेल्फ जॉइनवर सेल्फ जॉइन रचत होतो, एक पातळी वाढली की रिपोर्ट चुकीचा. आमची सिस्टिम अजून ५.७ वरच आहे. ‘शिका’ म्हणणाऱ्यांनी आधी आमच्याकडे अपग्रेडची परवानगी मागून दाखवावी.

डावे_उजवे: म्हणूनच नेस्टेड सेट. प्रत्येक नोडला डावा-उजवा आकडा, खालच्यांचे आकडे त्यांच्या मध्ये, म्हणून एका बिटवीनमध्ये अख्खी शाखा. रिकर्जन नाहीच.

जुनाजाणता: आणि एक नोड घुसवला की उजवीकडचे सगळे आकडे बदला! दोघांनी एकदम घुसवलं, लॉक नीट नव्हतं, आमचं झाड विस्कटलं. दोन दिवस दुरुस्ती. नेस्टेड सेटचं नाव काढू नका.

डावे_उजवे: लॉक तुम्ही लावलं नाही, दोष मॉडेलचा? आमची वर्गवारी वर्षाला चारदा बदलते आणि दिवसभर वाचली जाते. तिथे याहून चांगलं काही दाखवा.

पानगळ: क्लोजर टेबल, म्हणजे प्रत्येक पूर्वज-वंशज जोडीची वेगळी ओळ. जागा जास्त खातं, पण घुसवताना बाकीच्या ओळींना हात लागत नाही.

डावे_उजवे: शाखा हलवून बघा, मग बोला.

खोड_फांदी: विषय क्वेरीचा होता, मॉडेलचा नाही.

पानगळ: मग क्वेरीचंच बोलू. डेटात ‘अ’चा साहेब ‘ब’ आणि ‘ब’चा साहेब ‘अ’ निघाला तर तुमच्या दहा ओळी काय करतील?

खोड_फांदी: युनियन ऑलऐवजी युनियन, ते आधी आलेली ओळ पुन्हा घेत नाही. तीच ओळ पुन्हा आली की थांबतं.

पानगळ: तुमच्या कालच्या क्वेरीत लेव्हलचा कॉलम आहे. दर फेरीला लेव्हल वाढते, म्हणजे ओळ दर वेळी वेगळी. युनियनला काही कळणारच नाही, क्वेरी फिरतच राहील. एसक्यूएल सर्व्हर निदान शंभराव्या फेरीला एरर देऊन थांबतो, पोस्टग्रेस थांबत नाही.

खोड_फांदी: लेव्हलचं मान्य. पोस्टग्रेस १४ पासून असं चक्र ओळखणारा सायकल क्लॉज आहे, तो लावला की झालं. पण ज्याला जॉइन नीट येतो त्याला हेही येईल, यावर मी ठाम आहे.

जुनाजाणता: ५.७ वर तेही नाही.