तोंड बांधू नका, आधी कारण बघा

तुमचा कुत्रा गेटवर सतत भुंकतो, काय करू, या तुमच्या प्रश्नावर कोणीतरी त्याच्या तोंडाला घट्ट पट्टा बांधा असं सुचवलंय. कृपया हे करू नका, नागपुरात तर मुळीच नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तोंड बंद राहिलं तर उष्माघाताने जीवही जाऊ शकतो.

तुमचा कुत्रा डिलिव्हरीवाला दिसला की भुंकतो, आणि तो माणूस पार्सल देऊन निघून जातो. कुत्र्याला वाटतं, आपणच हाकललं. रोज हेच घडतं, म्हणून सवय पक्की होते. आधी गेटच्या जाळीला हिरवं नेट बांधून रस्ता दिसणं बंद करा. मग घरच्याच कोणाला बेल वाजवायला सांगा. भुंकता भुंकता तो क्षणभर थांबला की लगेच 'चूप' म्हणा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. थांबण्याचा वेळ हळूहळू वाढवा. घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा, आणि आवाज शांत. आपण ओरडलो की तो आणखी चेकाळतो.

दुपारभर कूलरसमोर पडून राहणाऱ्या कुत्र्याला पहाटे फिरवणंही गरजेचं आहे, मनसोक्त वास घेऊ देत.

वयस्क कुत्रा अचानक भुंकायला लागला असेल तर मात्र शिकवणीआधी डॉक्टरांना दाखवा. दुखणं किंवा ऐकू कमी येणं, हेही कारण असतं. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून घेता येईल.