मदत हवी आहे: हेक्झेनचं उष्मांक मूल्य कमी येतंय

बाँब कॅलरीमीटरवर (बाँब म्हणजे ऑक्सिजन भरलेलं बंद भांडं, त्यात नमुना जाळून उष्णता मोजतात) हेक्झेन या झटकन उडणाऱ्या द्रवाचं उष्मांक मूल्य ग्रॅमला 48.3 किलोजूलच्या आसपास यायला हवं. मला 46 ते 47.5 मिळतंय, दर वेळी वेगळं. यंत्र तपासायला वापरतात ते बेंझोइक आम्ल मात्र बरोबर 26.4 दाखवतं. ऑक्सिजन 30 बार, गळती नाही, आत काजळीही नाही.

उघड्या क्रूसिबलमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या वाटीत) द्रव ओतला की तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो, म्हणजे बाँब बंद होण्याआधीच नमुना उडतोय. म्हणून जिलेटिनच्या कॅप्सूल वापरल्या. फरक पडला, पण त्या हवेतला ओलावा धरतात. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवल्या तर तडकतात. मग कॅप्सूलची स्वतःची उष्णता किती वजा करायची? काचेच्या अँप्युल (वितळवून बंद केलेल्या छोट्या कुप्या) बनवायची सोय नाही.

त्याच डबीतल्या रिकाम्या कॅप्सूल जाळून सरासरी धरावी, की क्रूसिबलच्या तोंडावर चिकटपट्टी लावून सुईने द्रव आत सोडणं जास्त भरवशाचं?