मदत हवी आहे: मोगऱ्याच्या फांद्या, रूटिंग पावडर आणि बोअरचं पाणी

नमस्कार मंडळी. आईच्या वसईच्या अंगणातला मोगरा घर पाडायच्या आत मुलुंडला गॅलरीत जगवायचाय, म्हणून फांद्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावतेय. रूटिंग पावडरमधलं आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) फांद्यांसाठी असतं, मिरची-टोमॅटोच्या बियांना ते लागत नाही, एवढं ठाऊक आहे. पण मोगऱ्याच्या अर्धवट जून फांदीला १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग आयबीए) तीव्रतेची पावडर पुरेल की ३००० ची घ्यावी?

खरी अडचण पाण्याची. सोसायटीत झाडांना बोअरचंच पाणी मिळतं, पट्टीवर पीएच ८ दिसतो. पाहिजे ५.५ ते ६.५. लिंबू पिळलं की उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलेला! बहुतेक पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांमुळे. सायट्रिक ॲसिड कुणी वापरतं का? लिटरला किती घालता? की नळाचं पिण्याचं पाणीच थोडं बाजूला काढू? फांद्या आजच बादलीत ठेवल्यात, कृपया लवकर सांगा.