उबुंटू २०.०४ नंतर काय: पुढची आवृत्ती की डेबियन?

प्रश्न: माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम असून त्यावर उबुंटू २०.०४ ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम चालते. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधारकाळ (मोफत सुरक्षा सुधारणा मिळण्याचा काळ) २०२५ मध्ये संपला. थेट २४.०४ वर जाता येईल, की डेबियन ही दुसरी लिनक्स प्रणाली नव्याने बसवावी?

उत्तर १: थेट जाता येत नाही. दीर्घ आधाराच्या एका आवृत्तीवरून तशाच लगतच्या आवृत्तीवर जाता येते, म्हणून आधी २२.०४ आणि मग २४.०४. त्यापूर्वी होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिच्यातल्या चार फाइली उघडून पाहा. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून मी अनेक वर्षांची छायाचित्रे गमावली आहेत.

उत्तर २: माझ्या मते नवी स्थापनाच बरी. एवढ्या रॅममध्ये ग्नोम हा उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप जड जातो, त्यामुळे डेबियन बसवताना एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडा. वाय-फायची फर्मवेअर (ते उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) वेगळी शोधण्याचा जुना त्रासही बराच कमी झाला आहे, कारण डेबियन १२ पासून मुक्त नसलेली फर्मवेअरही अधिकृत आयएसओमध्येच (स्थापनेसाठी उतरवून घ्यायच्या फाइलमध्ये) येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी पेनड्राइव्हवरून डेबियनची लाइव्ह प्रतिमा (लॅपटॉपवर न बसवता चालणारी प्रत) चालवून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे तपासतो.