पीएचपी: ब्राउझरमध्ये डेटाबेस जोडला जातो, टर्मिनलवरून २००२ एरर येते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी पीएचपीत पुस्तकांची यादी बनवली आहे. उबुंटूवर झॅम्प (वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज) टाकलंय. ब्राउझरमध्ये सगळं चालतं, शोधही, देवघेवही. अडलंय ते इंपोर्टपाशी. ग्रंथपाल मावशींनी जूनपासून रोज दुपारी बसून अख्खं दाखल रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवलं. त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) डेटाबेसमध्ये घालायची स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवली की लगेच हे:

एसक्यूएलस्टेट [एचवाय०००] [२००२] नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

फाइल नाही म्हणतंय म्हणून दोन रात्री मी सीएसव्हीच्याच मागे होतो. नाव बदललं, पूर्ण पाथ दिला, परमिशन ७७७ केली. शेवटी फाइल वाचायचा भागच काढला, पीडीओची, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसला जोडणारी, नुसती एक ओळ ठेवली. तरी तेच! होस्ट म्हणून लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ (याच मशीनचा नेटवर्क पत्ता) घातलं तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड', नंबर मात्र २००२ च. युजर-पासवर्ड चालू पानातूनच उचललेत.

चवथीआधी यादी चढवायची आहे. मावशींची एवढी मेहनत पेन ड्राइव्हमध्ये पडून आहे, ते जिवाला लागतं. कोणी वाट दाखवेल का?

तांबडीमाती:
पासवर्ड चुकला असता तर १०४५ आला असता, डेटाबेसचं नाव चुकलं असतं तर १०४९. २००२ म्हणजे तुम्ही डेटाबेस सर्व्हरच्या दारापर्यंतच पोचला नाही. लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिलं की पीएचपी नेटवर्कने जात नाही, सॉकेट फाइलमधून (एकाच मशीनवरचे प्रोग्रॅम जिच्यातून बोलतात ती) जातं. सापडत नाहीये ती ही फाइल.

टर्मिनलवर 'व्हिच पीएचपी' देऊन बघा, कुठलं पीएचपी चालतंय ते कळेल. '/यूएसआर/बिन/पीएचपी' आलं तर ते उबुंटूचं पीएचपी. ते सॉकेट '/व्हार/रन/मायएसक्यूएलडी'मध्ये शोधतं, आणि झॅम्पचा सॉकेट असतो '/ऑप्ट/लॅम्प/व्हार/मायएसक्यूएल'मध्ये. दोन पीएचपी आहेत तुमच्याकडे, म्हणून ब्राउझरमध्ये चालतं आणि इथे नाही. स्क्रिप्ट '/ऑप्ट/लॅम्प/बिन/पीएचपी'ने चालवा.

'रिफ्यूज्ड'साठी झॅम्पच्या माय.सीएनएफ या डेटाबेसच्या सेटिंग फाइलमध्ये 'स्किप-नेटवर्किंग' (नेटवर्कवरून जोडणी बंद ठेवणारी ओळ) आहे का पाहा. असली तरी काढू नका, तुमचं काम एकाच मशीनवर आहे, पोर्ट ३३०६ उघडं ठेवायची गरजच नाही. होस्ट परत लोकलहोस्ट करा. आणि पीडीओच्या ओळीत कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ द्या, सीएसव्हीही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतील.

मूळ प्रश्नकर्ता:
दादा, अगदी तेच होतं! 'व्हिच पीएचपी'ने यूएसआर-बिनच दाखवलं, आणि स्किप-नेटवर्किंगही होतीच, तशीच ठेवली. झॅम्पच्या पीएचपीने चालवल्यावर पहिल्याच फटक्यात यादी आत गेली. दाखल क्रमांक १ पासून नावं स्वच्छ देवनागरीत दिसतायत, अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. परमिशन परत ६४४ केली. मनापासून आभार. संध्याकाळी मावशी रजिस्टर घेऊन येतायत, दोघं मिळून पानापानाने ताडून बघणार आहोत.