सांदण दरीसाठी नी-पॅड, एल्बो-पॅड कोणते घ्यावेत?

कातळवाट: साम्रद गावाहून सांदण पूर्ण उतरायची आहे: बोल्डर (मोठे दगड), पाणी, रॅपलिंग (दोरावरून उतरणं). व्हॉलीबॉलचे पॅड चालतील का?

दोरगाठ: कोरड्यात चालतील, पाण्यात नाही. त्यांचा स्पंज पाणी पितो, जड होतो आणि पॅड नडगीवर घसरतो. निओप्रीन (ताणणारं रबरी कापड) स्लीव्हवर शिवलेले, बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न पिणाऱ्या फोमचे घ्या. बाहेर जाड, खरखरीत कापड हवं. गुळगुळीत प्लॅस्टिकची वाटी ओल्या बेसॉल्टवर सटकते. बाइकचे कडक गार्ड तर नकोच, गुडघा टेकला की पाय कुठे जाईल सांगता येत नाही.

माप गुडघ्याच्या वाटीच्या १० सेंमी वर, मांडीचा घेर, उभं राहून. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या, निओप्रीन भिजल्यावर सैलावतं. दुकानातच घालून वीस उठाबशा काढा. खाली सरकला, तर परत ठेवा.

कातळवाट: पट्ट्यांचे की बिनपट्ट्यांचे?

ओलाकातळ: वर एक पट्टा पुरे. खालचा पोटरीवर आवळला की मुंग्या येतात. गुडघ्यामागे आडवा पट्टा असेल तर वाकताना काचतो, तासाभरात कातडी सोलते. पट्ट्याचं मोकळं टोक दुमडून टेपने चिकटवा. वेल्क्रोत वाळू गेली की पकड जाते. जुन्या टूथब्रशने साफ होते.

दोरगाठ: कोपरांना पातळ, ५ मिमीचे पुरेत. जाड पॅडने हात नीट दुमडत नाही, ब्रेकचा हात (रॅपलिंगमध्ये दोर आवरणारा) अवघडतो. बजेट कमी असेल तर गुडघ्यांवर खर्च करा, कोपरांचं जाड, फुलबाह्यांच्या शर्टवर भागतं.